हिरव्या कापडावरचे उड्डाण

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एके दिवशी सकाळीच माझा पुतण्या खांद्यावर नायलॉनच्या दोराचे वेटोळे टाकून आमच्या दारव्ह्याच्या घराच्या अंगणात येऊन उभा राहिला. नववी संपवून दहावीत गेलेला हा मुलगा. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून सुपरमॅनचा चित्रपट काढायचे ठरवले होते. कॅमेरा म्हणजे वडिलांचा मोबाइल, झगा म्हणून लाल टॉवेल, आणि नायक अर्थातच तो स्वतः. राहता राहिले उडणे. त्याचाही विचार त्याने करून ठेवला होता.

"मोठेबाबा, स्लॅबवरच्या टाकीले दोर बांधतो अन् कमरेले गाठ मारतो. मंग कठड्यावरून खाली लोंबकळलो का झालं! दोन मिनिटाचं काम हाये."

त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, शेजारीच चहा पीत बसला होता. तो काही बोलला नाही. त्याने कपबशी खाली ठेवली आणि सदऱ्याची डावी बाही हळूहळू कोपराच्या वर सरकवली. त्याचा तो कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तो कोपर कसा वाकला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा सगळा खटाटोप कशासाठी केला ते तुमच्या ध्यानात येईल. १९९१ सालचा उन्हाळा. मी तेरा वर्षांचा होतो आणि भाऊ दहा वर्षांचा. कुणाच्या तरी घरून सुपरमॅनचे एक इंग्रजी चित्रपुस्तक आमच्या हाती आले होते. इंग्रजी वाचता येत नव्हते, पण चित्रे वाचता येत होती. चित्रात एक माणूस पाठीला लाल कापड बांधून इमारतींवरून उडत होता, आणि मला खात्री वाटली की उडण्याचे सारे रहस्य त्या कापडातच आहे. मी आईच्या पेटीतली चादर काढली, तिची दोन टोके भावाच्या दंडांना आणि दोन कमरेला बांधली, आणि त्याला गोठ्याच्या छपरावर चढवले. "उडी मार" असे म्हणणाराही मीच. खाली कडबा पसरलेला होता, म्हणून हातावरच निभावले.

पुढे पदार्थविज्ञान शिकवू लागल्यावर मी ते गणित मांडून पाहिले. तुम्हीही मांडा. छप्पर तीन मीटर उंच होते. गुरुत्वीय त्वरण ९.८ घेतले आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर जमिनीला टेकताना वेग होतो सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. सारा प्रवास पाऊण सेकंदाचा. आता चादरीकडे वळू. समजा, चादर हवेत अगदी छत्रीसारखी पूर्ण उघडली. तिचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटर आणि मुलाचे वजन २५ किलो. खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, आणि विरोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. या अखेरच्या वेगाला अंतिम वेग म्हणतात. आमच्या चादरीसाठी तो येतो सेकंदाला सुमारे दहा मीटर! म्हणजे तीन मीटरच्या पडण्यात जो वेग येतो, त्याच्यापेक्षाही जास्त. पूर्ण उघडलेल्या चादरीनेसुद्धा वेग थोडासाच कमी झाला असता, आणि आमची चादर तर उघडलीच नाही. पडणे बेताचे व्हायला तशा चार-पाच चादरी लागल्या असत्या, आणि त्या उघडायला गोठ्याहून कितीतरी अधिक उंची.

पुतण्याच्या दोराचे गणित याहून वाईट निघाले. कठड्यावरून पाय सुटला, दोर ताणला जाईपर्यंत मुलगा एक मीटर पडला आणि पुढच्या दहा सेंटिमीटरांत थांबला, तर दोराला आणि दोराभोवतीच्या कमरेला बसणारा हिसका वजनाच्या अकरा पट असतो. त्याचे वजन ४५ किलो. पोटात रुतणाऱ्या दोरावर अर्धा टन! दोर मी काढून घेतला आणि कपाटात ठेवला. पण त्याचे तोंड इतके उतरले की मला म्हणावे लागले, "उडवतो तुला. पण पाय जमिनीपासून दीड फुटापेक्षा वर जाणार नाहीत."

हे मी कुठून शिकलो? मालेगावाहून.

मालेगावाकडे जाण्याआधी सुपरमॅनच्या उडण्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण हा गडी सुरुवातीला उडत नव्हताच. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंड शहरातल्या दोन तरुणांनी तो निर्माण केला आणि १९३८ साली तो चित्रपुस्तकात प्रथम छापला गेला. तेव्हा तो फक्त लांब उड्या मारी. एका उडीत मैलाचा आठवा भाग, म्हणजे २०० मीटर. एवढ्या उडीसाठी ४५ अंशांच्या कोनात झेप घेतली तरी सुटतानाचा वेग सेकंदाला ४४ मीटर हवा, ताशी जवळजवळ १६० किलोमीटर. गुडघे वाकवून अर्ध्या मीटरच्या अंतरात हा वेग मिळवायचा, तर पायांनी सरासरी गुरुत्वाच्या २०० पट त्वरण द्यायला हवे. त्याचे पाय टिकतील, पण ज्या फरशीवरून तो झेपावेल तिचे काय होईल याचा विचार करा. पुढे १९४१ साली फ्लायशर स्टुडिओने त्याचे कार्टूनपट काढले, त्यांत तो सरळ उडू लागला. बेडकासारख्या उड्या मारत जाणारा महापुरुष पडद्यावर शोभत नसावा!

कागदावर चित्रकाराने रेघ ओढली की माणूस उडाला. कॅमेऱ्यापुढे मात्र खराखुरा, वजन असलेला माणूस उभा असतो, आणि तिथे पैशाचा प्रश्न येतो. १९४८ साली अमेरिकेत सुपरमॅनची चित्रपटमालिका निघाली. तिच्या निर्मात्यांनी सोपा मार्ग काढला. नायक उडायला लागला की त्याच्या जागी हाताने काढलेले कार्टून येई आणि तो उतरला की पुन्हा खरा नट! १९६६ साली तिथल्या दूरचित्रवाणीवर बॅटमॅनची मालिका सुरू झाली. तीत बॅटमॅन आणि त्याचा सहकारी दोर धरून इमारतीच्या भिंतीवर चालत चढत. प्रत्यक्षात ती भिंत जमिनीवर आडवी पसरलेली असे, दोघे तिच्यावर कमरेत वाकून चालत आणि कॅमेरा ९० अंशांनी फिरवून ठेवलेला असे. कॅमेऱ्याला खाली कुठे आणि वर कुठे हे समजत नाही. त्याला कळते ते फक्त चौकटीची कड. गुरुत्वाकर्षणाची दिशा आपण प्रेक्षक ठरवतो, ती लोंबणाऱ्या वस्तूंवरून. म्हणूनच त्यांचे झगे ही अडचण होती. ते खऱ्या जमिनीकडे लोंबत, आणि पडद्यावर ती दिशा भलतीच दिसली असती. त्यासाठी झग्यांना तारा बांधून ते ओढून धरत.

१९७७ साली स्पायडरमॅनवर खास दूरचित्रवाणीसाठी एक चित्रपट झाला. त्यात निकोलस हॅमंड नायक होता, पण भिंतीवर चढण्याची कामे कसलेले साहसी कलाकार खरोखर दोरांवर लटकून करत. पैसा बेताचा, त्यामुळे कौशल्य सारे दोराचे. पुढच्याच वर्षी मोठ्या पडद्यावर सुपरमॅन आला तो मात्र सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून! त्यातली बरीच उड्डाणे नटामागे विशेष पडदा लावून, त्यावर समोरून आकाशाचे चित्र टाकून केलेली होती. रस्त्यावरचे फलक गाडीच्या दिव्यात कसे चमकतात ते तुम्ही पाहिले आहे ना? तसल्याच, आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणाऱ्या मण्यांचा तो पडदा होता.

आता मालेगाव. नाशिक जिल्ह्यातले, मोसम आणि गिरणा या नद्यांकाठचे हे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या यवतमाळात कापूस पिकतो, तिथे रात्रंदिवस कापड विणले जाते. या गावात शेख नासिर नावाचा एक तरुण छोटे व्हिडिओ चित्रपटगृह चालवत असे. चित्रपट दाखवता दाखवता त्याला चित्रपट करावासा वाटला. २००० साली त्याने गावच्याच मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. त्यानंतर काही वर्षांनी त्याने सुपरमॅन करायला घेतला. नायक होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने अगदी काटकुळा. त्याला घाण पसरवणाऱ्या खलनायकाशी लढायचे होते. हा चित्रपट तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी त्या निर्मितीवरच एक माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. तो २००८ चा. तो पाहिल्यावाचून माझे कोणतेही वर्ष जात नाही, आणि आमच्या पदवीच्या मुलांना तरफ शिकवताना मी तो हटकून आठवतो.

तरफ का? कारण मोठ्या चित्रपटांत कॅमेरा वर उचलायला जी क्रेन असते तिचे काम नासिरने बैलगाडीकडून करून घेतले. तुमच्या गावात बैल सोडलेली गाडी असेल तर पाहा. चाकांचा आस हा टेकू. जूचे टोक खाली दाबले की मागची बाजू वर जाते. मागे कॅमेरा घेऊन माणूस बसला, पुढे चौघांनी भार दिला की झाली क्रेन. सरकत्या चित्रणासाठी त्याने सायकल वापरली. रुळांवर चालणारी गाडी भाड्याने आणायला पैसे नव्हते, पण सायकलच्या टायरमधली हवा लहानसहान हिसके पोटात घालते, ही गोष्ट फुकट होती. माहितीपटात एक प्रसंग आहे. चित्रण चालू असताना कॅमेराच पाण्यात पडतो. एकुलता एक कॅमेरा! दुरुस्त होऊन येईपर्यंत सगळे ठप्प. त्या माणसांचे चेहरे पाहून आपल्यालाच गलबलते.

आणि मग उडणे. काटकुळा का असेना, माणसाचे वजन असते, आणि त्याला हवेत ठेवायला नासिरकडे ना क्रेन होती ना तारांचे जाळे. त्याने हिरवे कापड लावले.

हिरव्या कापडाची ही युक्ती तुम्ही दूरचित्रवाणीवर कितीदा तरी पाहिलेली आहे. हवामानाच्या बातम्या सांगणारी व्यक्ती भारताच्या मोठ्या नकाशापुढे उभी राहून विदर्भावर हात फिरवते, तेव्हा तिच्यामागे नकाशा नसतोच. असते ती एकरंगी हिरवी भिंत. नकाशा यंत्र घालते. पण कुठे घालायचा आणि कुठे नाही हे यंत्राला कसे कळते? त्याला माणूस ओळखता येतो म्हणून, असे पुष्कळ जण सांगतात. हल्लीचे काही मोबाइल तसे थोडेफार करतातही. पण नासिरच्या वेळी यंत्राला माणूस म्हणजे काय याची गंधवार्ता नव्हती. ते फक्त वजाबाकी करत होते.

ती वजाबाकी अशी. डिजिटल चित्र म्हणजे लक्षावधी बारीक चौकोनी ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे लिहिलेले असतात, तांबडा किती, हिरवा किती आणि निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. समजा, हिरव्या कापडावरच्या एका ठिपक्याचे आकडे ६०, १८० आणि ७० आहेत. हिरव्याच्या आकड्यातून उरलेल्या दोघांपैकी मोठा आकडा वजा करा. १८० वजा ७०, उत्तर ११०. आता गालावरचा ठिपका घ्या. तिथे तांबडा १९०, हिरवा १४०, निळा ११०. हिरव्यातून मोठा वजा केला की उणे ५०. लाल टॉवेलचे आकडे १८०, ३०, ४० असतील तर उत्तर उणे १५०. आता यंत्राला एवढेच सांगायचे की ज्या ठिपक्याचे उत्तर ४० पेक्षा अधिक येईल तो पुसून टाक आणि त्या जागी आकाशाच्या चित्रातला ठिपका ठेव. एका सेकंदात २५ चित्रे, प्रत्येकात चार लाखांवर ठिपके. हे काम माणसाने वहीत करायचे तर जन्म पुरणार नाही, पण वजाबाकी तिसरीतल्या मुलाला येईल अशीच आहे.

हिरवाच रंग का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माणसाच्या कातडीत, मग ती गोरी असो की सावळी, तांबड्याचा वाटा हिरव्यापेक्षा नेहमीच जास्त असतो, त्यामुळे हिरव्याची वजाबाकी तिथे उणेच येते. निळा पडदाही चालतो आणि चित्रफितीच्या जमान्यात तोच अधिक चाले. पण सुपरमॅनचे कपडेच निळे! १९७८ च्या चित्रपटात निळ्या पडद्यापुढच्या चित्रणासाठी त्याचा पोशाख मुद्दाम थोडा हिरवटपणाकडे झुकवलेला होता, नाहीतर डोके आणि हात उडाले असते आणि धड आकाशात विरून गेले असते. डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर दर चार घरांपैकी दोन हिरव्यासाठी, एक तांबड्यासाठी आणि एक निळ्यासाठी राखून ठेवलेले असते. ही मांडणी ब्राइस बेयर या कोडॅक कंपनीतल्या शास्त्रज्ञाची, आणि तिचे पेटंट १९७६ चे. माणसाचा डोळा हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो म्हणून त्याने तसे केले. साहजिकच हिरव्याची नोंद सर्वांत स्वच्छ मिळते.

आता हे सगळे इतके सोपे असेल तर कमी पैशांच्या चित्रपटांतले उडणे लगेच ओळखू का येते? नायकाभोवती थरथरणारी हिरवी कड, दातेरी केस, मधेच गायब होणारा हात. याचे उत्तर मला पुस्तकातून ठाऊक होते. पण आमच्या अंगणात ते जसे समजले तसे पुस्तकाने कधी समजावले नव्हते.

पहिला प्रयोग आम्ही घरात केला. पुतण्याच्या आईची पोपटी साडी भिंतीवर टाचली आणि शेजारी एक मोठा दिवा लावला. पोटाखाली स्टूल, त्यावरही पोपटी कापड, आणि वर पुतण्या दोन्ही हात पुढे करून पालथा. कापडाने झाकलेले स्टूल पुसले जाणार आणि मुलगा अधांतरी राहणार, हा बेत. चित्रण करून ते संगणकात घातले, वजाबाकी केली, आणि पाहतो तर काय! डाव्या बाजूला निळे आकाश, उजव्या बाजूला साडी जशीच्या तशी, मधोमध साडीच्या प्रत्येक चुणीची एक काळी रेघ, आणि पुतण्याच्या पोटाला हे मोठे भगदाड. त्यातून ढग जाताना दिसत होते. भगदाडाचे कारण त्याच्या मित्राला आधी उमगले. स्वारीने शाळेच्या क्रीडागटाचा हिरवा टी-शर्ट घातला होता.

बाकीच्या गोष्टींवर आम्ही कागद घेऊन बसलो. दिवा साडीच्या डाव्या कडेपासून एक मीटरवर होता आणि उजव्या कडेपासून दोन मीटरवर. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा नियम तुम्ही शिकलेले आहात. तिरपा पडला तर त्याहूनही कमी. डावीकडे ६०, १८०, ७० असे आकडे होते, तर उजवीकडे उरले १५, ४५ आणि १७. वजाबाकी २८. चाळीसपेक्षा कमी! यंत्राने तो ठिपका पुसला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. आपल्या डोळ्यांना साडी दोन्हीकडे पोपटीच दिसते, कारण डोळ्यामागे मेंदू आहे आणि तो उजेडातला फरक सांभाळून घेतो. यंत्र सांभाळून घेत नाही. चुणीची सावली म्हणजे त्याच्या लेखी वेगळा रंगच. मग ४० चा आकडा खाली आणून २० करावा काय? तेही करून पाहिले. साडी गेली, पण पुतण्याची हनुवटीही गेली. तो साडीच्या अगदी जवळ होता. पोपटी कापडावरून परावर्तित झालेला हिरवा उजेड त्याच्या हनुवटीवर आणि दंडाखाली पडत होता, आणि कॅमेऱ्यापुरती त्याची हनुवटी खरोखरच हिरवी झाली होती. दिवाळीत नवा पिवळा सदरा घातला की गळ्याखाली पिवळी झाक येते, तसाच हा प्रकार. शिवाय साडी चकचकीत, तिच्यावर दिव्याची पांढरी तिरीप. पांढऱ्यात तिन्ही आकडे सारखे, वजाबाकी शून्य.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नव्हती, आणि नासिरच्या तर मुळीच नव्हती. त्या काळच्या लहान डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांत जागा वाचवण्यासाठी रंगाची नोंद काटकसरीने करत. चार ठिपक्यांचा उजेड वेगवेगळा लिहायचा, पण चौघांना मिळून रंग एकच. एरवी हे खपून जाते, कारण आपला डोळा उजेडातला बारीक फरक टिपतो, रंगातला तितका नाही. पण वजाबाकी सारी रंगावर चालते! केसाच्या कडेला एक ठिपका केसाचा आणि तीन कापडाचे असले तर चौघांना कापडाचाच रंग मिळतो आणि केस कापले जातात. मालेगावच्या सुपरमॅनची कड दातेरी दिसली तर कुणी हसू नये, असे मला वाटते. साडेपाच कोटी डॉलर आणि यंत्रमागाची पाळी यांच्यामधले अंतर त्या दातांनी मोजता येते.

दुसरा प्रयोग चार दिवसांनी. बाजारातून पोपटी रंगाचे जाडसर सुती कापड आणले, त्याला इस्त्री केली आणि घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर दोरीला चिमटे लावून ताणून बांधले. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन काय असते ते तुम्हांला सांगायला नको, पण सकाळी आठच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीला सावली असते आणि वर सगळे आकाश उघडे. आकाश हाच मोठा दिवा. तो एका कोपऱ्यात नसतो, साऱ्या कापडावर तो सारखाच उजेड टाकतो. पुतण्याला कापडापासून दोन मीटर पुढे आणले, म्हणजे हिरवी झाक हनुवटीपर्यंत पोचताना विरळ होईल. टी-शर्ट निळा. स्टुलावर त्याच कापडाचा उरलेला तुकडा. टॉवेल फडफडावा म्हणून टेबलफॅन.

मागे लावायचे चित्र मी स्वतः आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवरून परवानगीने आणि कठड्यापासून चार हात मागे उभे राहून घेऊन आलो होतो. कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे वळवला होता. लहानपणी आम्ही शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला जात असू. ती अरुंद रुळांची गाडी आता धावत नाही. खिडकीतून पाहिले की धुऱ्यावरच्या बाभळी उलट्या दिशेने पळताना दिसत, आणि दारव्ह्याच्या स्टेशनात शेजारची मालगाडी हलली की आपलीच गाडी निघाली असे वाटून आम्ही आजीचा निरोप घेऊ लागत असू. गती नेहमी कशाच्या तरी सापेक्ष असते. चौकटीत मुलगा स्थिर आणि मागची घरे सरकताहेत, एवढे दिसले की मेंदू ठरवतो की मुलगा चालला आहे.

या वेळी वजाबाकी झाली ती पाहून पोरांनी टाळ्याच पिटल्या. स्टूल नाही, भिंत नाही. दारव्ह्याच्या घरांवरून माझा पुतण्या हात पुढे करून चालला होता. डाव्या कानाजवळ थोडी हिरवी कड राहिली होती, पण ती शोधावी लागत होती.

मालेगावच्या गोष्टीत पुढे पुष्कळ घडले. शफीक कर्करोगाने गेला. त्या साऱ्या मंडळींवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपट केला. तो २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. यंत्रमागावरच्या त्या काटकुळ्या माणसाचे काम पडद्यावर एका नामवंत नटाने केले. पोरांना मी हे सांगत होतो, पण त्यांचे लक्ष संगणकावरून हलत नव्हते. ती दहा सेकंदांची फीत त्यांनी आठ-दहा वेळा तरी पाहिली असेल.

भाऊ मागे उभा राहून पाहत होता. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "हा उलटा कायले उडून राह्यला?"

आम्ही पुन्हा पाहिले. खरेच की! मुलगा पुढे चालला होता आणि टॉवेल डोक्याच्या पुढे फडफडत होता. टेबलफॅन आम्ही पायांकडे ठेवला होता. पुढे जाणाऱ्याला वारा समोरून लागतो, ही साधी गोष्ट भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकासह कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

ऊन भिंतीवर यायला अजून अर्धा तास होता. कापड पुन्हा ताणले, पुतण्या पुन्हा स्टुलावर पालथा पडला. टेबलफॅनची वायर डोक्याच्या बाजूला पुरेना, तेव्हा भावाने वहीचा मोठा पुठ्ठा घेतला आणि मुलाच्या समोर, चौकटीच्या बाहेर उकिडवे बसून तो वारा घालू लागला. उजव्या हाताने. मग उजवा दुखायला लागल्यावर डाव्याने.